नुकसानभरपाईचा हक्क आणि लोणखेड्याची वाट

दिवाळी सरली की सातपुड्याच्या पायथ्याशी माणसांची एक मोठी हालचाल सुरू होते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा या तालुक्यांतील पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरतात आणि ऊसतोडणीसाठी, वीटभट्ट्यांसाठी, बांधकामांसाठी बारडोली, सुरत, भरूचकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तारीख ठरलेली असते आणि वाहन म्हणून जे मिळते ते माल वाहून नेण्याचे असते. एका पिकअपमध्ये किती माणसे मावतात याचे गणित परिवहन खात्याच्या पुस्तकात एक असते आणि घाटातल्या रस्त्यावर दुसरे असते. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली. दोन्ही वेळी वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले, मंत्र्यांनी दुःख व्यक्त केले, सरकारी मदत जाहीर झाली. त्यानंतर त्या घरांचे काय झाले, हे विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

सरकारी मदत आणि कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पहिली अनुकंपेची, सरकारने दिली तर दिली. दुसरी हक्काची; ती वाहनमालकाने आणि त्याच्या विमा कंपनीने द्यायची असते आणि ती किती असावी हे ठरविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत न्यायालयांनी घालून दिलेली आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी या दोहोंची सर्रास गल्लत होते. मुख्यमंत्री निधीचा धनादेश आला म्हणजे 'पैसे मिळाले' असे घरची माणसे समजतात, आणि आजूबाजूचे जाणते लोकही त्यांचा तो समज दूर करीत नाहीत.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या त्या वर्षी पंधरा हजारांवर होती. एवढ्या माणसांचा बळी घेणाऱ्या कोणत्याही साथीच्या रोगासाठी आपण स्वतंत्र यंत्रणा उभी केली असती. रस्त्यावरच्या मृत्यूसाठी जी यंत्रणा आहे ती तशी जुनीच आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आणि ती तरतूद १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ मध्ये 'दोष कोणाचा' हे सिद्ध न करताही काही किमान रक्कम मिळावी हे तत्त्व प्रथमच आले. ती रक्कम मृत्यूसाठी पंधरा हजार रुपये होती. १९८८ चा नवा कायदा, त्यातील १९९४ ची दुरुस्ती आणि अखेर २०१९ ची दुरुस्ती असा हा प्रवास आहे. आज दोष सिद्ध न करता विमा कंपनीकडून मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तरीही मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. आपल्या तालुक्यातील किती तलाठ्यांना हे ठाऊक आहे, याची एकदा चाचणी घ्यावी.

दोष सिद्ध करून मिळणारी भरपाई मात्र याहून पुष्कळ मोठी असते आणि तिथेच खरी मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात जे सूत्र निश्चित केले ते कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला फळ्यावर मांडता येईल इतके सोपे आहे. समजा, अठ्ठावीस वर्षांचा एक मजूर अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. त्याची कमाई महिना दहा हजार रुपये होती असे न्यायाधिकरणाने मान्य केले. चाळीस वर्षांखालील स्वयंरोजगारी माणसाचे उत्पन्न पुढे वाढले असते म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवायचे. चौदा हजार झाले. चार जण अवलंबून असल्यामुळे त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा. साडेदहा हजार उरले. वर्षाचे एक लाख सव्वीस हजार. सव्वीस ते तीस या वयोगटासाठी गुणक सतरा. गुणाकार केला की एकवीस लाख बेचाळीस हजार रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी आणि पती, पिता वा पुत्र यांच्या सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम ही त्यावर वेगळी.

आता याच उदाहरणात एकच गोष्ट बदलू. मजुरीचा कसलाही पुरावा नाही, मुकादम साक्षीला येत नाही, म्हणून न्यायाधिकरणाने उत्पन्न महिना सहा हजार धरले. उत्तर बारा लाख पंच्याऐंशी हजार दोनशे येते. म्हणजे एका चिठोऱ्याअभावी आठ लाख छपन्न हजार आठशे रुपये बुडाले. उचलीची नोंद असलेली वही, मुकादमाच्या खात्यातून आलेली एखादी रक्कम, रोजगार हमीचे जॉबकार्ड, कारखान्याने टोळीशी केलेल्या कराराची प्रत, यांपैकी काहीही जपून ठेवलेले असेल तर त्याची किंमत अशी लाखांत मोजावी लागते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे आणि तिच्या मृत्यूची भरपाई ठरविताना ते धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा बजावले आहे. 'बाई काही कमावत नव्हती' हे वाक्य अजूनही जबाबात लिहिले जाते, ते लिहू देता कामा नये.

या पार्श्वभूमीवर गावपातळीवरची 'तडजोड' पाहावी. अपघातानंतर दोन-तीन दिवसांत वाहनमालकाच्या वतीने कोणी प्रतिष्ठित गृहस्थ पाड्यावर येतो. दहाव्याचा खर्च, वर तीस-चाळीस हजार रुपये, एका कोऱ्या किंवा अर्ध्या लिहिलेल्या मुद्रांकावर अंगठा. पोलिसांत फिर्याद द्यायची नाही किंवा दिलीच तर गाडीचा क्रमांक सांगायचा नाही, एवढीच अट. ज्या घरात दुसऱ्या दिवशीच्या धान्याची चिंता आहे त्या घराने ही रक्कम नाकारावी असे म्हणण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. परंतु हा कागद करून देताना आपण वीस लाखांचा दावा चाळीस हजारांत सोडून देत आहोत हे त्या विधवेला कोणीतरी सांगितले पाहिजे होते. आणि एक गमतीची, खरे म्हणजे क्लेशकारक, गोष्ट अशी की वाहनाचा विमा असेल तर ते वीस लाख त्या मालकाच्या खिशातून जाणारच नसतात. ते विमा कंपनी देणार असते. मालक भितो तो फौजदारी खटल्याला आणि गाडी ठाण्यात अडकून पडण्याला. त्याच्या भीतीपायी कुटुंब आपला हक्क गमावते.

मुदतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने अपघाताचा दावा दाखल करण्यास कोणतीही कालमर्यादा ठेवली नव्हती, आणि ते शहाणपणाचे होते. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला ठेवला नाही. या तरतुदीच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. हा दिलासा मोठा आहे, पण तो अंतरिम आहे, हे विसरून चालणार नाही. ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. नोव्हेंबरमध्ये बारडोलीजवळ नवरा गेला, अंगावरची उचल फेडण्यासाठी बाई मुलांसह एप्रिलपर्यंत तिथेच राबत राहिली आणि मे महिन्यात गावी परतली, तर तिची मुदत रस्त्यातच संपलेली असते. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो दावेदार होता तो बहुधा शहरातला, पगारी रजा मिळणारा असावा.

वस्तुतः कायद्याचा मूळ हेतू असा आहे की दावेदाराने न्यायालयाकडे जाण्याची वाटच पाहू नये. अपघाताचा पोलिसांनी पाठविलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा, असे कायद्यातच लिहिलेले आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणापुढे ठेवायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी पोलिस ठाण्यांत प्रशिक्षित पथके नेमण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. विमा कंपनीनेही खबर मिळताच अधिकारी नेमून तीस दिवसांत भरपाईचा देकार द्यावा, अशी तरतूद आहे. कागदावर ही रचना इतकी परिपूर्ण आहे की ती पाहून कोणालाही वाटावे, आता वकिलाची गरजच उरलेली नाही. प्रत्यक्षात पोलिस शिपायाकडे बंदोबस्त आहे, यात्रा आहे, निवडणूक आहे, आणि अपघाताचे कागद हे त्याच्या दृष्टीने फौजदारी खटल्याचे कागद आहेत. मृताच्या पत्नीचे बँक खाते, तिच्या मुलांची वये, तिच्या नवऱ्याची मजुरी ही माहिती जमविणे हे आपले काम आहे असे त्याला कोणी शिकविलेले नसते.

शहाद्याच्या परिसराला ही गोष्ट नवी वाटू नये. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी याच तालुक्यात आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न उठविला. त्या आणि अशा चळवळींच्या रेट्याने महाराष्ट्राने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. त्या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे की जिल्हाधिकाऱ्याने अर्जाची वाट न पाहता स्वतःहून चौकशी करावी असा अधिकार त्यात दिला होता. कारण उघड होते. ज्याची जमीन कागदाच्या जोरावर गेली तो कागद घेऊन कचेरीत येणार नाही, हे सरकारने ओळखले होते. तरीही ज्या गावांत संघटनेचे तरुण सातबारे गोळा करीत हिंडले तिथे जमिनी सुटल्या आणि जिथे कोणी हिंडले नाही तिथे कायदा गॅझेटात राहिला. अपघाताच्या दाव्यांतही 'स्वतःहून' या शब्दाची हीच गत होणार, जर त्या शब्दामागे माणूस उभा राहिला नाही तर.

यापुढचा मुद्दा या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाला विमा कंपनी भरपाई देण्यास बांधील असते काय? मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर असेल तर होय. गाडीवर नोकर म्हणून असेल तर मर्यादेत होय. परंतु नुसता प्रवासी म्हणून, भाड्याने असो की फुकट, पिकअपच्या हौद्यात बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. याचा अर्थ दरीत कोसळलेल्या गाडीतील वीस माणसांची भरपाई एकट्या गाडीमालकाने द्यायची. तो मालक कोण? बहुधा कर्ज काढून गाडी घेतलेला गावातलाच एक तरुण, आणि पुष्कळदा तोच चालक म्हणून मृतांच्या यादीत. त्याच्याविरुद्ध वीस हुकूमनामे मिळाले तरी वसुली कशातून होणार? ट्रॅक्टर-ट्रॉलीचेही असेच. शेतीसाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर लग्नाचे वऱ्हाड किंवा तोडणीची टोळी घेऊन निघाला की पॉलिसीच्या अटींचा भंग झाला असे कंपनी म्हणते, आणि ट्रॉलीचा विमा तर अनेकदा नसतोच.

न्यायालयांनी यावर एक मधली वाट काढली आहे. विमा कंपनीने आधी पीडितांना रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करून घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बलजित कौर प्रकरणात आणि २०१७ मध्ये मनुआरा खातून प्रकरणात दिला. परंतु ही वाट प्रत्येक प्रकरणात मागावी लागते, युक्तिवाद करून मिळवावी लागते. मागणी करणारा वकील जागरूक नसेल तर न्यायाधिकरण कंपनीला मोकळे करते आणि अपिलाची मुदत निघून जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे न्यायाधीशाच्या उदारपणावर सोडण्याऐवजी कायद्यातच लिहिले गेले पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे की ज्या जोखमीचा हप्ता घेतला नाही तिचे पैसे आम्ही का द्यावे? प्रश्न रास्त आहे. पण मग मजुरांची ने-आण ज्यांच्या लाभासाठी होते त्या कारखान्यांनी, ठेकेदारांनी हप्ता भरावा. मुकादमाने आणलेल्या मजुरांची जबाबदारी मूळ मालकावर टाकण्याचे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात होतेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ते पुढे चालू ठेवले आहे आणि घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असल्यास, कामावरचाच समजावा असे म्हटले आहे. धडगावच्या पाड्यावरून बारडोलीच्या फडापर्यंतचा प्रवास या व्याख्येत बसतो की नाही, हे अजून कोणीतरी लढवून पाहायचे आहे.

लढवायचे म्हटले की वकील आला. अपघाताच्या दाव्यांत वकिलाने मिळणाऱ्या रकमेचा अमुक टक्के वाटा घेण्याची प्रथा सर्वत्र बोलली जाते. ती बेकायदेशीर आहे. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाच्या वसुलीतील निम्मा वाटा घेण्याचा करार केला म्हणून १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वर्तन व्यवसायाला न शोभणारे ठरविले होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तेलंगणातील बी. सुनीता प्रकरणात, जे मोटार अपघाताच्या भरपाईतूनच उद्भवले होते, टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे पुन्हा सांगितले. अमेरिकेत ही पद्धत राजरोस चालते आणि तिचे समर्थक म्हणतात की गरिबाला अन्यथा वकीलच मिळणार नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. आपल्याकडेही ज्याच्या हाती दमडी नाही तो फी कोठून देणार? आणि तालुक्याचे सगळेच वकील लुबाडणारे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या खर्चाने गरिबांचे दावे वर्षानुवर्षे चालविणारेही त्यांत आहेत.

परंतु आपल्या राज्यघटनेने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिलेले आहे. १९७६ मध्ये घटनेत ३९ अ हे कलम आले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोफत कायदेशीर साहाय्य हा कैद्याचा हक्क असल्याचे सांगितले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, कोणतीही स्त्री, बालक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी, होती. म्हणजे या जिल्ह्यातील अपघातग्रस्तांची बहुतेक कुटुंबे, आणि जात-जमात कोणतीही असो प्रत्येक विधवा, मोफत वकिलास पात्र आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. इतकी सोय असताना अपघाताच्या दाव्यासाठी तिचा उपयोग करून घेणारे विरळाच दिसतात. याचे एक कारण अज्ञान. दुसरे, 'फुकटचा वकील काय लढणार' हा समज. हा समज निखालस खोटा ठरविण्याइतकी फी आणि देखरेख या वकिलांच्या वाट्याला येत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

लोकअदालतीविषयी दोन शब्द. तेथे प्रकरण लवकर मिटते, पैसे लवकर हाती येतात, हे खरे. पण तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि तो उभयपक्षी संमतीनेच होऊ शकतो. लोकअदालतीला आपल्या मनाने रक्कम ठरवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालौर सिंग प्रकरणात सांगितले. तेही अपघाताच्या भरपाईचेच प्रकरण होते. संमती द्यावयाची तर वर मांडलेले गणित दावेदाराला आधी समजले पाहिजे.

विम्याच्या वादाची दुसरी बाजू रस्त्यापलीकडची आहे. महाराष्ट्राने २००५ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना चालविली. २०१५ नंतर ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हप्ता सरकार भरी आणि दावा विमा कंपनीकडे जाई. सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने, विहिरीत पडून मेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांनी व्हिसेराचा अहवाल आणावा, वाहन परवाना आणावा, अशा मागण्या होत. दावे फेटाळले जात आणि ग्राहक मंचांपुढे शेतकरी विधवांच्या तक्रारींची रांग लागे. अखेर एप्रिल २०२३ मध्ये सरकारने विमा कंपनीला मध्यस्थ म्हणून काढून टाकले आणि तालुका कृषी अधिकाऱ्यामार्फत थेट दोन लाखांचे सानुग्रह अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. अठरा वर्षांनी का होईना, हप्त्यांचे पैसे नेमके कोणाच्या कामी येत होते हा प्रश्न सरकारला पडला, याचे समाधान मानावे. उणीव अजूनही आहे ती सातबाऱ्याची. ज्यांचे वनहक्काचे दावे निर्णयाविना पडून आहेत ते सातपुड्यातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या कसतात ती जमीन त्यांच्या नावावर नाही. तेव्हा अपघाती मृत्यू आला तर ते शेतकरी ठरत नाहीत.

बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून घेणाऱ्या केंद्राच्या अपघात विम्याचेही तेच. दोन लाखांचे संरक्षण आहे, पण खातेदार गेल्यावर पासबुकातील त्या वीस रुपयांच्या ओळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाचणाऱ्याने ती ओळ पाहावी, एवढे तरी शिक्षक आणि कारकून करू शकतात. खाजगी पॉलिसीचा दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तिथे वकील लागत नाही, किंबहुना चालत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांची मुदत आहे.

विमा कंपन्यांचीही एक तक्रार ऐकून घेतली पाहिजे. खोटे दावे होतात. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दावे इतके माजले की तेथे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या वकील परिषदेला खडसावले. शिवाय संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविनाच धावत आहेत. अशा वाहनाने अपघात केल्यास ते सोडू नये आणि लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे भरावी, हा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश किती ठाण्यांत पाळला जातो हा निराळ्या लेखाचा विषय होईल. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाताचे दावे न्यायालयातून काढून घेतले आणि एका सरकारी मंडळामार्फत, दोष कोणाचा हे न पाहता, प्रत्येक जखमीला उपचार आणि उत्पन्नाचा वाटा देण्याची पद्धत सुरू केली. खोट्या दाव्यांना आणि टक्केवारीला तिथे जागाच उरली नाही. आपण त्या दिशेने अर्धे पाऊल टाकले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड मिळण्याची योजना आहे. उरलेल्या वाटेसाठी पैसा कोठून आणणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि जिथे पैसा आलेला आहे तिथे माणूस सापडत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोष्टीची स्वतःहून दखल घेतली: अपघात न्यायाधिकरणे आणि कामगार न्यायालये यांमध्ये भरपाईचे शेकडो कोटी रुपये भरून पडले आहेत आणि ते घ्यायला कोणी आलेले नाही. ज्यांच्या नावे हे पैसे आहेत त्यांतले किती जण कामासाठी गाव सोडून गेले असतील याची कल्पना लोणखेड्याच्या वाचकाला करून द्यायला नको. दावा दाखल करताना दिलेला पत्ता पाड्याचा असतो. निकाल लागतो तेव्हा ते कुटुंब दुसऱ्या कोठल्या फडावर असते. वकिलाचा भ्रमणध्वनी बदललेला असतो. नंदुरबारच्या न्यायाधिकरणात अशी रक्कम पडून आहे काय, असल्यास किती आणि कोणाच्या नावे, ही यादी गावनिहाय करून ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि शाळांच्या भिंतींवर लावण्यास कोणत्या कायद्याची अडचण आहे?

अखेर एका व्यावहारिक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती या सरहद्दीच्या जिल्ह्यालाच भोवते. अपघात गुजरातेत झाला तरी दावा आपल्या जिल्ह्यात, म्हणजे दावेदार जिथे राहतो तिथे, दाखल करता येतो. अनेक कुटुंबे केवळ 'आता सुरतच्या कोर्टात कोण जाणार' म्हणून गप्प बसतात, त्यांना हे सांगितलेच पाहिजे. परंतु फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीच्या विम्याची प्रत हे सारे तिकडच्या पोलिस ठाण्यात असते आणि गुजरातीत असते. पावरी किंवा भिली बोलणारी बाई, मराठीत चालणारे न्यायालय आणि गुजरातीतले कागद, अशी ही तीन भाषांची शर्यत आहे. नंदुरबार आणि सुरत, तापी, भरूच, नर्मदा या जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी आपसात ठरवून अपघाताचे कागद एकमेकांकडे थेट पाठविण्याची आणि त्यांच्या भाषांतराची सोय केली, तर एका हंगामात त्याचा परिणाम दिसेल. भाषांतर करणारे दूर शोधावे लागणार नाहीत. शहादा-लोणखेड्याच्या महाविद्यालयांत या तिन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात आहेत.